एका पंखाचा बिल्ला आणि बिननावाची घागर

आधीच सांगते, मी भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांतली नाही. उलट कुणी सांगायला लागलं की "अहो, त्या भुताच्या अंगावरचे कपडे शिवले कुणी?" असं विचारून गोष्टीचा विचका करणाऱ्यांतली आहे. धुळ्याला चाळीस वर्षं मी शिलाई मशीन चालवलं. कपडा कुठून उसवलाय ते नीट बघितल्याशिवाय सुई लावायची नाही, ही माझी सवय, आणि ती नुसती कपड्यापुरती नाही. पण मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जे घडलं ते कुठून उसवलंय हे मला अजून सापडलेलं नाही. म्हणून तुमच्यापुढं ठेवते. शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चुका असतील त्या पोटात घाला.

आता शिवणारी बाई आणि लढाईतली विमानं यांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. तर झालं असं – जामनेरचे एक निवृत्त मास्तर, आम्ही त्यांना नाना म्हणतो, एकदा दुकानात एक जुना लष्करी कोट घेऊन आले. अस्तर फाटलेलं. त्याच्या छातीवर एक कापडी बिल्ला होता. एकच पंख, आणि पंखाच्या मुळाशी गोल. मी म्हटलं, "नाना, दुसरा पंख उंदरानं खाल्ला वाटतं!" नाना हसले नाहीत. म्हणाले, "अक्का, दोन पंख पायलटला. मागं बसून रस्ता काढणारा, बंदूक चालवणारा, त्यांना एकच." गोलातली इंग्रजी अक्षरं बघायची, त्यावरून कोणाचं काम काय ते कळतं. 'ए जी' असलं की तो मशीनगनवाला.

मी तो पंख भिंगाखाली धरला नि काय सांगू... एकेक पीस वेगळं भरलेलं! बाहेरचं पीस ताठ, आतलं मऊ. तिथंच मी या नादाला लागले. नातवंडं झाल्यावर बायका भजनाला लागतात, मी बिल्ल्यांना लागले. नानांनी मोबाइलवर 'जुन्या धावपट्ट्या' नावाचा ग्रुप काढला होता, त्यात मला घेतलं. तिसरे जळगावचे हनीफभाई. धंदा चपला-बूट शिवायचा, म्हणून त्यांना जुन्या लष्करी बुटांचं वेड. असे आम्ही तिघं – कोट, बूट आणि वही. सुटीच्या दिवशी एसटीनं जायचं, लढाईच्या काळात विमानं उतरवायला केलेल्या पट्ट्या शोधायच्या, टेप लावून लांबी-रुंदी मोजायची, गावच्या म्हाताऱ्यांना बोलतं करायचं. माझा मुलगा म्हणतो, "आई, लोक चारधामला जातात, तू माळरानावर जातेस."

या नादाची बातमी शिंदखेड्याला माझ्या माहेरी पोचली, आणि शेजारच्या जिजी एक दिवस दुकानात येऊन बसल्या. ऐंशीच्या पुढची बाई, काठी टेकत बसस्टँडपासून चालत आलेली. पिशवीतून एक घडीचा कागद काढला, घड्यांवर फाटलेला. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात विमानदलात होते, मशीनगनवर. जिजी आईच्या पोटात असताना ते शेवटचे सुटीवर आले, परत गेले, आणि मग हा कागद आला. विमान एका ठिकाणाहून निघालं ते दुसऱ्या ठिकाणी पोचलंच नाही. माणूस बेपत्ता. मयत समजण्यात यावे.

जिजीची आई म्हणायची, "सरकारले समजू द्या. मी नई समजस." मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही तिनं.

इथपर्यंत ठीक. पण आमच्या खान्देशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. मातीची घागर, थंड पाणी, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोऱ्या. उंबरठ्यावर कुंकवाचं बोट लावत एकेका पितराचं नाव घ्यायचं. उन्हाळ्यात त्यांना पाणी मिळावं म्हणून. आता जो गेला की नाही हेच माहीत नाही, त्याची घागर भरायची कशी? जित्या माणसाची घागर भरणं म्हणजे त्याला मारणंच. म्हणून त्या घरात सगळ्यांच्या घागरी भरल्या गेल्या, फक्त जिजीच्या वडिलांची नाही. आई गेली तरी जिजीचा हात धजावला नाही.

"अक्का," जिजी म्हणाल्या, "मना जीव आते थकना. मना बाप तिकडे पान्यावाचून शे का काय, रोज मनमा येस. एकच सांग माले. घागर भरू का नको भरू?"

मी कागद नानांना दिला. त्यांनी दिल्लीला पत्रं टाकली, विलायतेतल्या हौशी लोकांना विचारलं. नाव यादीत होतं, पुढं काहीच नाही. जिजीनं जाताना एक गोधडी दुरुस्तीला ठेवली, आईच्या हातची. वडिलांच्या छातीवरचा बिल्लाही शेवटच्या सुटीत आईनंच शिवून दिला होता म्हणे. ती गोधडी मी महिनाभर मांडीवर घेऊन बसले. प्रत्येक गोधडीवालीची ओळ संपवायची तऱ्हा वेगळी असते. ही माउली गाठ मारतच नव्हती. ओळीच्या शेवटी तीन बारीक टाके फाकवून घालायची, चिमणीचं पाऊल उमटावं तसे. अशी तऱ्हा मी दुसऱ्या कुणाची बघितलेली नाही.

आता आखाजीचं. जामनेर तालुक्यात एका माळावर अशीच एक पट्टी आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच लोक कुदळी घेऊन जातील. नानांचं म्हणणं, आखाजीलाच जाऊ. पुण्या-सुरतेला गेलेली माणसं त्या दिवशी गावात असतात, म्हातारे घरी असतात, पुरुष मंडळी पत्ते खेळत बसलेली, कुणी हटकणार नाही. सणाच्या दिवशी घराबाहेर पडते म्हणून सुनेनं तोंड वाकडं केलं. पण मी पहाटेच घागर भरली, आगारी टाकली, म्हणजे पितरांचा घास निखाऱ्यावर ठेवला, आणि निघाले. जिजीच्या कामासाठी नव्हे हो. ते काम तर आम्ही मनातल्या मनात सोडून दिलं होतं.

पट्टी म्हणजे काय, मुरूम दाबून सपाट केलेला लांब माळ. आता तिथं मिरच्या वाळत घालतात, पोरीबाळी स्कूटी शिकतात. भर दुपारचं ऊन. नाना एका टोकाला वही घेऊन, हनीफभाई मधे टेप धरून, आणि मी दुसऱ्या टोकाला निंबाखाली टेपच्या डबीवर पाय देऊन बसलेली. म्हणजे माझं काम काय, तर डबी हलू द्यायची नाही.

तेवढ्यात समोरून एक माणूस आला. तिशीच्या आतला, सडपातळ, अंगावर खाकी ड्रिलचा शर्ट. छातीवर डाव्या खिशाच्या वर एका पंखाचा बिल्ला.

खरं सांगते, मला भीतीबिती काही वाटली नाही. रागच आला. आमच्या या छंदात अशी माणसं असतात – जुने गणवेश घालून जुन्या पट्ट्यांवर फोटो काढून घेतात. मला वाटलं, ग्रुपमधलाच कुणीतरी पुण्याहून आलाय आणि नानांनी मला सांगितलं नाही. आणि बिल्ला नकली नव्हता हो! अस्सल होता. मी फैलावर घेतलं त्याला.

"काय हो भाऊ, असला ऐवज कुणी उन्हात, घामात घालतं का? रेशीम कुजतं ते! काचेत ठेवायची वस्तू."

तो नुसता हसला. म्हणाला, "माय, थोडं पानी शे का?"

मी बाटली दिली. त्यानं ओंजळ धरली, मी ओतलं. दोन ओंजळी प्यायला. मी मनात म्हटलं, अरे, हा तर आमच्याकडचा! जामनेरकडं असं बोलत नाहीत. विचारलं, तर म्हणाला, "शिंदखेडाकडला शे मी."

"मग तर माहेरचेच तुम्ही," मी म्हटलं. बिल्ल्याचं एक टोक सुटून लोंबत होतं, ते मला बघवेना. माझ्या पाकिटात सुईदोरा कायम असतो. "थांबा, दोन टाके घालते. आणि हा बसवलाय केवढा तिरका! कुणी शिवला?"

त्यानं बिल्ल्यावर तळहात ठेवला. "ऱ्हाऊ दे, माय. मन्ही बायकोनी टाकेल टाका शेतस. घाई व्हती."

ते असं काही म्हणाला की मी सुई परत खोचून ठेवली. पण शिवणाऱ्या बाईचे डोळे! त्यानं हात काढल्यावर वरच्या कोपऱ्यातले टाके दिसले. तीन टाके फाकवलेले. कुठंतरी बघितलेत, असं आलं मनात, आणि उन्हात डोकं पुढं चालेना.

मी म्हटलं, "सणाचं जेवलात का?" तर त्यानं माळाच्या पलीकडं हात केला. चिंचेखाली निळ्या पत्र्याचं घर होतं. "तठे मन्हाकरता पानी भरेल शे. दरसाल ऱ्हास." आणि हनीफभाईंच्या बाजूनं चालत गेला. मी डबीवर पाय देऊन तशीच बसलेली.

टेप गुंडाळत हनीफभाई आले. पहिला प्रश्न, "अक्का, वो भाईसाब कौन थे? मैंने सलाम किया, सिर हिलाया और निकल गए."

"असेल कुणी ग्रुपमधला हौशी," मी म्हटलं.

"हौशी? अहो, एका पायात बूट होता! आतून लोकरीचा, उंच, एक नंबर माल. दुसरा पाय उघडा. ऐसी धूप में मुरुमावर उघडा पाय! और चाल बिल्कुल सीधी."

नाना घाम पुसत आले. त्यांना कुणीच दिसलं नव्हतं. पण त्यांची सगळी नजर वहीत असते, त्यांना त्यांची बायकोही दिसत नाही असं वहिनीच म्हणतात. ग्रुपमधलं कुणी येणार होतं का, तर नाही. "चला, तुमचा पाहुणा ज्या घरी गेला तिथंच जाऊ," नाना म्हणाले, "म्हातारं माणूसही भेटेल."

निळ्या पत्र्याच्या घरात गिरजाबाई होत्या. पंचाहत्तरीच्या, नाकात मोठी नथ, पुरणाचे हात. मांडे खापरावर टाकत होत्या. मी उंबऱ्याबाहेरूनच म्हटलं, "राम राम. तुमच्याकडं आत्ता पाहुणे आले ना, खाकी शर्टवाले? त्यांच्याशी जरा बोलायचं होतं."

बाईचा हात थांबला. मांडा खापरावर करपायला लागला.

"आमच्याकडं कुणी आलं नाही," त्या म्हणाल्या. मग नानांची वही बघून, "तुम्ही सरकारी माणसं का?"

"नाही हो, मी शिंपीण."

"मग वही कशाला?"

"ती यांची खोड आहे. शाळा सुटली, वही सुटली नाही."

बाई हसल्या नाहीत. आणि तेव्हा माझं लक्ष देव्हाऱ्याशेजारी गेलं. घरच्या पितरांची मोठी घागर, आणि तिच्यापासून हातभर लांब एक छोटी, नवी. दोन्हीवर डांगर, दोन्हीला कुंकू. आमच्यात सगळ्या पितरांची एकत्र भरली तरी चालते. ही वेगळी कशाला? मी सहज विचारलं, "ही कुणाची हो?"

करपलेला मांडा त्यांनी बाजूला काढला. खापर उतरवलं, पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "ही इमानवाल्याची."

इमान म्हणजे विमान! मी उंबरा ओलांडून आत गेले.

त्यांनी सांगितलं ते असं. गिरजाबाईंच्या सासूच्या तरुणपणची गोष्ट. पावसाळी दिवस, ढगात विमानाचा आवाज फिरत होता. ते कुठं सातपुड्यात पडलं असेल तर देव जाणे, पण यांच्या मळ्यात एक माणूस छत्रीला लटकून खाली आला. बांधावर आपटला. एका पायातला बूट वरच कुठं गळून गेलेला. सासूनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "पानी" एवढंच तो म्हणाला. तिनं ओंजळीनं पाजलं. दोन घोट घेतले नि गेला.

"मग कळवलं नाही कुणाला?" नानांनी विचारलं.

"कसं कळवणार, मास्तर? लढाईचे दिवस. लष्कराचा माणूस आपल्या मळ्यात मेला, तर तुम्हीच मारला म्हणतील, अशी सासऱ्याला धास्ती. त्यातून त्या छत्रीचं कापड घरात ठेवून घेतलं होतं. तेव्हा अंगाला कापड मिळत नव्हतं हो... सासूनं त्याची झबली शिवली लेकरांना. मग तर तोंड शिवूनच घेतलं सगळ्यांनी. पण माणसाचं सगळं रीतीनं केलं. अग्नी दिला, राख तापीला नेली. आणि सासू म्हणाली, ह्यानं आपल्या हातचं पाणी पिऊन जीव सोडला, आता ह्याला पाणी द्यायचं आपल्याकडं आलं. नाव नाही, गाव नाही. तेव्हापासून दर आखाजीला भरतो. मला लग्नाच्या पहिल्याच सालात सासूनं शिकवलं – आपलं पितर राहिलं तर चालेल, हा परका आहे, ह्याला विसरायचं नाही."

मी विचारलं, "त्याचं काही ठेवलंय?"

त्यांनी पत्र्याची पेटी काढली. तळाशी पिवळ्या फडक्यात खाकी कापडाचा तळहाताएवढा तुकडा, शर्टातून कापून घेतलेला. त्यावर एका पंखाचा बिल्ला. तिरका. एक टोक सुटलेलं. आणि वरच्या कोपऱ्यात चिमणीचं पाऊल.

मघाशी हा बिल्ला मी हातभर अंतरावरून बघितला होता, नवा, रंग उजळ. आता तोच पेटीत होता, विटलेला, आणि गिरजाबाई सांगत होत्या की ही पेटी वर्षभरात उघडलेली नाही. चिमणीच्या पावलाची गोधडी माझ्या दुकानात घडी करून ठेवलेली होती. कागदानं जे सांगितलं नाही ते त्या तीन टाक्यांनी सांगितलं.

नाना चष्मा काढून पुसत राहिले. हनीफभाई हळूच म्हणाले, "या अल्लाह, एक पाँव में बूट नहीं था..."

मी जिजीला फोन लावला. स्पीकर चालू केला. मळ्यातलं, ओंजळीतलं, तापीतलं – जेवढं जमलं तेवढं सांगितलं. तिकडून अगदी बारीक आवाजात जिजीनं विचारलं,

"बठ्ठा वरीस मना बापले पानी मियनं?"

"मिळालं, जिजी. एकही साल चुकलं नाही."

"आनि मना जीव उगाच झुरना वं..." आणि मग त्या रडल्या ते असं मोकळं रडल्या की इकडं गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळानं गिरजाबाई फोनजवळ सरकल्या. म्हणाल्या, "बाई, एक विचारू का? माझी सासू मरताना हळहळत होती. म्हणायची, हाक मारायला नाव तेवढं नाही. नाव काय हो त्यांचं?"

जिजी म्हणाल्या, "मायनी कधी घिदं नई. नवरानं नाव कशी घी ती? कागदवर शे..." आणि मग ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "सुकलाल."

गिरजाबाई उठल्या. कुंकवात बोट बुडवलं, उंबरठ्यावर टेकवलं, छोट्या घागरीतलं पाणी फुलपात्रात घेऊन सोडलं. "सुकलालभाऊ, पाणी घ्या."

फोनवरून जिजीनं विचारलं, "पानी गार शे ना वं?"

"गार आहे, बाई. काल संध्याकाळीच भरून ठेवलंय."

नाना नंतर म्हणायला लागले, ऊन लागलं असेल तुम्हाला. मी म्हटलं, लागलं असेल. पण हनीफभाईंना त्याच उन्हात उघडा पाय कसा दिसला? मी टाके बघितले, त्यांनी बूट बघितला, आम्ही एकमेकांशी बोलण्याआधी. आणि पाणी मागायला तो माझ्याकडंच का आला, जिच्या दुकानात त्याच्या बायकोची गोधडी पडलेली होती? नानांनी वहीत त्या दिवशीचं पान लांबी-रुंदी लिहून बाकीचं कोरं ठेवलंय. म्हणतात, कळलं की लिहू. मला काही कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता कळायची घाईही राहिलेली नाही.

त्या दिवशी फोनवरच गिरजाबाई तो बिल्ला जिजीला देऊ करत होत्या, पण जिजीनं घेतला नाही. म्हणाल्या, जिथं बापाचं पाणी तिथंच राहू दे. तर गिरजाबाई म्हणाल्या, "मग बाई, आखाजी लेकींची, लेकी माहेरी येतात, झोके घेतात. बापाचं पाणी जिथं, तिथं लेकीचं माहेर. तुम्ही यायचं."

यंदा मी जिजीला घेऊन गेले. गिरजाबाईंनी दारात भाकर-तुकडा ओवाळला, नवं लुगडं नेसवलं. छोटी घागर जिजीनं स्वतः भरली, दोन्ही हातांनी, काठी भिंतीला टेकवून. मग बायकांनी तिला धरून चिंचेच्या झोक्यावर बसवलं. दोन झोके घेतले म्हातारीनं, पाय वर करून. तिसऱ्याला ओरडली, "पुरे वं पोरीसहोन, कंबर मोडस मन्ही!" आणि उतरायचं नाव काही घेईना.